दुपट्यावरचा काळा डाग

मार्च १९०१ मध्ये लंडनमधल्या एका कुटुंबात मूल जन्माला आले. घरातल्या थोरल्या भावंडात एक विचित्र प्रकार आधीच दिसला होता. लघवी करताना ती नेहमीसारखीच असे, पण भांड्यात थोडा वेळ राहिली की तपकिरी आणि मग शाईसारखी काळी होई. त्या मुलाला तपासणारे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी नव्या बाळाच्या दुपट्यांवर पहिल्या तासापासून लक्ष ठेवायला सांगून ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपट्यावर डाग उमटला.

हा विकार आतड्यातल्या जंतूंमुळे होतो, असे तोवर बहुतेक वैद्यकतज्ज्ञ मानत. पण तीन दिवसांचे, अंगावर दूध पिणारे बाळ असा कोणता जंतूचा रोग घेऊन येणार? गॅरॉडने अशा कुटुंबांची माहिती गोळा केली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. आईवडील स्वतः निरोगी आणि मुले मात्र अशी, असे जेथे होते तेथे निम्म्याहून अधिक ठिकाणी आईवडील एकमेकांचे सख्खे 'कझिन' होते. त्याने ही गोष्ट विल्यम बेटसन या जीवशास्त्रज्ञाच्या कानावर घातली. मेंडेलचे वाटाण्यांवरचे विस्मृतीत गेलेले नियम दोनच वर्षांपूर्वी पुन्हा उजेडात आले होते आणि बेटसन त्यांचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याने सांगितले, हे मेंडेलच्या हिशेबात नेमके बसते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही सदोष प्रती आल्या, तरच विकार प्रकट होतो. १९०२ साली 'लॅन्सेट'मध्ये गॅरॉडचा निबंध छापून आला. माणसाच्या एखाद्या विकाराला मेंडेलचा नियम लावून दाखवणारा तो पहिला निबंध. पुढे १९०८ च्या व्याख्यानांत त्याने अशा विकारांना एक नाव दिले. त्याचा मराठी अर्थ 'चयापचयातल्या उपजत चुका' असा करता येईल.

या विकाराचे नाव अल्काप्टोन्युरिया. लक्षात ठेवायला अवघड आणि उच्चारायला त्याहून अवघड. जगात साधारण अडीच लाख ते दहा लाख माणसांत एखाद्याला होणारा. दिवाळी अंकाच्या वाचकाने त्यात वेळ का घालवावा, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की या एका दुर्मीळ रोगाच्या आडून गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर या पट्ट्यातला आपला शंभर वर्षांचा इतिहास वेगळ्या बाजूने दिसतो. आपल्या घरांची रचना, आपली लग्ने, आपल्या गिरण्या, आपले दवाखाने, आणि या सगळ्यांत काय दिसले व काय दिसायचे राहून गेले, ते.

एका खात्यात माणूसच नाही

आधी रोग समजून घेऊ. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो, नोकरी केली आणि उरलेल्या वेळात दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि टाउन हॉलातल्या एशियाटिकमध्ये बसून वैद्यकाचा इतिहास वाचत आलो. म्हणून मला समजला तसाच सांगतो.

आपण खातो त्या डाळीत, अंड्यात, मासळीत प्रथिने असतात. प्रथिनांच्या घटकांपैकी दोन, फेनिलॲलनिन आणि टायरोसिन, शरीर टप्प्याटप्प्याने मोडत नेते. गिरणीत कापूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, पिंजला जातो, कातला जातो, शेवटी साच्यावर चढतो, तसेच हे काम. प्रत्येक टप्प्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, उभे असते. अल्काप्टोन्युरियात यातल्या एका खात्यात माणूसच नसतो. मागचा माल येत राहतो, पुढे जात नाही आणि साठतो. या साठणाऱ्या अर्धवट मालाचे नाव होमोजेंटिसिक आम्ल. १८९१ साली वोल्कोव आणि बाउमान यांनी ते ओळखले. रोज काही ग्रॅम इतके ते लघवीवाटे बाहेर पडते. हवा लागली की त्याचे रूपांतर होऊन काळे रंगद्रव्य बनते. क्षार असेल तर हे अधिक झपाट्याने होते. म्हणून साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने धुतले की डाग जाण्याऐवजी आणखी गडद होतो.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, लघवी काळी होते, यात बिघडले काय? बालपणी आणि तरुणपणी खरोखर फारसे काही बिघडत नाही. मूत्रपिंडे इमाने इतबारे माल बाहेर टाकत असतात. पण थोडा थोडा भाग शरीरात राहतो आणि कूर्चेत, म्हणजे सांध्यांच्या मऊ गादीत, जाऊन चिकटतो. तिथे तो काळा होतो आणि गादी ठिसूळ होते. तिशीच्या आसपास कंबर धरू लागते. मणक्यांमधल्या चकत्या आक्रसतात, त्यांत चुना साठतो आणि क्ष-किरण चित्रात त्या पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. मग गुडघे, खुबे, खांदे. हाताची बोटे मात्र बहुधा वाचतात. संधिवाताचा सर्वपरिचित प्रकार बोटांपासून सुरू होतो, हा बोटांना सोडून देतो. फरक महत्त्वाचा आहे, पण तो शोधायचा तर आधी तसा संशय यावा लागतो. कानाची पाळी निळसर-काळी होते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी ठिपका उमटतो, काखेतल्या घामाने कपडे काळपट होतात. पुढे कधी हृदयाची झडप जाड होते, कधी मुतखडे होतात.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८६६ साली एका शवविच्छेदनात काळवंडलेली कूर्चा पाहिली आणि त्या स्थितीला 'ऑक्रोनोसिस' हे नाव दिले. ही काळी कूर्चा आणि ती काळी लघवी एकाच रोगाची दोन टोके आहेत, हे लक्षात यायला १९०२ साल उजाडले. छत्तीस वर्षे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या पानांवर राहिल्या. या रोगाचे हेच वैशिष्ट्य आहे. पहिली खूण पाळण्यात आणि दुखणे चाळिशीत. मधल्या काळात दोन्ही एकत्र पाहणारा माणूस सहसा नसतो.

चरकाचा कालमेह आणि बेनेडिक्टची निळी बाटली

काळ्या लघवीची नोंद आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या पित्तज प्रमेहांच्या सहा प्रकारांत एक 'कालमेह' आहे आणि त्यात लघवी शाईच्या रंगाची होते असे वर्णन आहे. हाच अल्काप्टोन्युरिया, असे ठामपणे म्हणायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मलेरियाच्या एका गंभीर प्रकारातही लघवी काळपट होते, रक्त गेल्यानेही होते आणि काही औषधांनीही होते. शिवाय चरकाच्या वर्णनात लघवी ठेवल्यावर काळी होते, हा मुद्दा नाही आणि या रोगाचा सगळा भर त्या 'ठेवल्यावर' या शब्दावर आहे. चरकाचे श्रेय एवढेच, आणि ते मोठे आहे, की लघवीचा रंग बघून लिहून ठेवावा असे त्या परंपरेला वाटले.

युरोपात 'अल्काप्टन' हे नाव १८५९ साली बोडेकर या जर्मन संशोधकाने दिले. त्याच्या रुग्णाची लघवी साखरेच्या तपासणीत साखर असल्यासारखी वागत होती, पण ती साखर नव्हती. क्षारात घातली की ती हवेतला प्राणवायू अधाशासारखा शोषून घेई, म्हणून 'अल्कली' आणि 'अधाशीपणे गिळणे' या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून हे नाव झाले.

या साखरेच्या गोंधळाचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. गिरगाव-दादरच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने ज्यांना आठवतात त्यांना औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली कात्री मारलेली कागदाची पट्टी आठवेल, तसा स्पिरिटचा दिवा आणि परीक्षानळीही आठवेल. नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली ज्योत. निळा रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला की साखर. होमोजेंटिसिक आम्लही हे द्रावण बदलते. फक्त तळाशी पिवळट-नारिंगी साका बसतो आणि वरचे पाणी तपकिरी, गढूळ होते. सावध डोळ्याला हा फरक कळतो. गर्दीच्या दवाखान्यात संध्याकाळी सातला साठावी नळी तापवणाऱ्याला तो कळेलच असे नाही.

पुढे, १९५० च्या दशकात, फक्त ग्लुकोजलाच प्रतिसाद देणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या. साखरेच्या निदानासाठी ही प्रगतीच होती. पण अल्काप्टोन्युरियाचा चुकून का होईना सापडणारा एक धागा तिच्याबरोबर तुटला. पट्टी म्हणते साखर नाही, माणूस घरी जातो आणि तपकिरी पाणी कोणी बघत नाही. अधिक अचूक साधन अधिक अरुंदही असते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला माहीत नाही.

मोरीतून वाहून गेलेला पुरावा

गॅरॉडचा शोध दुपट्यावरच्या डागाने लागला. मग आपल्याकडे कितीतरी आयांनी तो डाग पाहिला असेल, त्याचे काय झाले? मला वाटते, उत्तर घरांच्या रचनेत आहे.

चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. बाळाचे दुपटे ओले झाले की ते त्याच मोरीत पाण्याखाली जाते. लघवीला हवेत उभे राहून काळे व्हायला काही तास लागतात आणि इथे तेवढा वेळ नसतो. डाग राहिलाच, तर पिवळ्या साबणाने घासल्यावर तो गडद होतो. मग दोष साबणाला, नळाच्या गंजलेल्या पाण्याला, बाळाला घातलेल्या बाळघुटीला किंवा काजळाला. मूल मोठे झाले की सामायिक संडास, तिथे पाणी ओतले की संपले. आजच्या फ्लॅटमध्ये टाकीची कळ दाबली जाते आणि लहान मुलांना डायपर असते, ते गुंडाळून फेकले जाते. ज्या वस्तूने निदान होते ती वस्तू ठेवायची नसते, तिची घाण वाटते. त्यामुळे या रोगाचा पुरावा रोज सकाळी तयार होतो आणि रोज सकाळी नष्ट होतो.

आणि चाळिशीतली कंबर? लालबाग-परळात तिला कारण शोधायची गरजच नव्हती. साच्यासमोर आठ तास वाकून उभा राहणारा विणकर, रीळ भरणाऱ्या खात्यातल्या बायका, गाठी वाहणारे हमाल. गिरणगावात कंबर दुखत नाही असा माणूस कोण होता? डॉक्टरने विचारायचे, कामाला कुठे? उत्तर गिरणीचे आले की निदान पूर्ण. यात डॉक्टरांची बेफिकिरी होती असे मी म्हणणार नाही, कारण हजारांत नऊशे नव्व्याण्णव वेळा ते निदान बरोबरच असणार. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, पण ही सवय राहिली. आता गिरणीच्या जागी लोकलचा प्रवास आणि संगणकासमोरची खुर्ची आली. सामान्य कारण इतके ढळढळीत असते, की असामान्य कारण त्याच्या सावलीत निवांत बसून राहते.

माझी थोरली मावशी लालबागला राहायची आणि रीळ खात्यात होती. पस्तिशीपासून तिची कंबर धरलेली. कानाची पाळी काळसर, ती म्हणायची कुड्यांचा काट चढलाय. एका डॉक्टरांनी लघवी तापवून साखर सांगितली आणि तिने अकरा वर्षे पुरणपोळीला हात लावला नाही. होळीला घरातल्या सगळ्यांना ती स्वतः करून वाढायची आणि आपण आमटी-भात खायची. पुढे रक्त तपासले तेव्हा साखर कधीच नव्हती असे निघाले. साठी उलटल्यावर गुडघा बदलायची वेळ आली. शस्त्रक्रियेत सर्जनने सांधा उघडला तो आत कोळशासारखा काळा. अशा रोगाचे निदान जगभर कितीदा तरी असेच, टेबलावर, होते. त्यानंतर तिच्या लघवीची नीट तपासणी झाली आणि एका वाक्यात चाळीस वर्षांचे दुखणे, अकरा वर्षांचे पथ्य आणि कानाचा रंग यांचा उलगडा झाला. मावशीने पहिला प्रश्न विचारला तो असा: "माझ्या पोरांना होईल का रे?"

इंग्रजीतला एक शब्द, आपली चार नाती

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्या लग्नांकडे वळावे लागते.

गॅरॉडच्या निबंधातल्या 'फर्स्ट कझिन' या एका शब्दात आपली चार नाती कोंबलेली आहेत: चुलत, मावस, आते आणि मामे. रक्ताच्या हिशेबाने चारही सारखीच. त्या जोडप्याच्या मुलाला एखाद्या ठिकाणी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता चारही नात्यांत सोळात एक. पण आपल्या समाजाने या चारांना अगदी वेगवेगळी वागणूक दिली. चुलत आणि मावस भावंडे म्हणजे सख्खीच, लग्नाचा विचारही पाप. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी मात्र हक्काची. आत्याची मुलगी तेवढीच जवळची, पण ती करायची नाही. एका घरात दिलेल्या लेकीची लेक पुन्हा त्याच घरात सून म्हणून आणली तर 'वेल परततो' आणि तो परतू नये, असे जुन्या बायका सांगत. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात या आते-मामे लग्नांची सविस्तर मांडणी आहे. उत्तरेत असे लग्न वर्ज्य, दक्षिणेत पसंतीचे आणि महाराष्ट्र मधल्या उंबरठ्यावर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही हीच गुंतागुंत मान्य केली. भावंडांच्या मुलांतले लग्न निषिद्ध, पण रूढी असेल तर चालेल.

याच काळात, या चारही भागांच्या मधोमध, परळला या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झालेला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली उभे राहिले. टाटा रुग्णालय १९४१ साली. विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर या दोन्ही ठिकाणी होते. त्यांचे सहकारी ल. द. संघवी हे आनुवंशशास्त्रज्ञ. या दोघांनी १९४९ साली मुंबईतल्या सहा जातिसमूहांच्या सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. जातीबाहेर लग्न न करण्याचा परिणाम रक्तात मोजता येतो का, असा तो प्रश्न होता. १९५६ साली संघवी, वर्दे आणि मास्टर यांनी मुंबईतल्या बारा समूहांत नात्यातल्या लग्नांचे प्रमाण किती, याचा अभ्यास मांडला. पहिला निबंध ज्या नियतकालिकात आला त्याचे नाव तेव्हा 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' होते आणि १९५४ साली ते बदलून 'ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' असे झाले. 'सुप्रजनन' या शब्दावर हिटलरच्या राजवटीची सावली पडल्यावर त्या शास्त्राने आपले नाव बदलले, त्या वळणावर परळचे हे काम उभे आहे. आज ते वाचताना एक भान राखावे लागते. जातीत लग्न करणे आणि नात्यात लग्न करणे या दोन गोष्टी एक नव्हेत आणि कुठलाही रोग कुठल्याही जातीची खूण नव्हे. अल्काप्टोन्युरिया स्लोव्हाकियात जास्त आढळतो, डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळतो आणि आपल्याकडे तमिळनाडूतल्या नरिकुरवर या भटक्या समाजात एकाच मूळ दोषामुळे आढळला आहे. यांना जोडणारा दुवा जात किंवा वंश नसून छोटा समूह आणि त्या समूहातच फिरत राहिलेली लग्ने, एवढाच आहे.

परळने असाच एक दुर्मीळ आनुवंशिक प्रकार जगाला दाखवला, तो १९५२ साली. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. 'ओ' वाटणारे, पण 'ओ' रक्तही न चालणारे हे रक्त. जगात तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे त्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक मानतात. त्याचाही नियम तोच, दोन्ही प्रती सदोष हव्यात. तो का सापडला? कारण रक्त देण्यापूर्वी जुळवून पाहावेच लागते, त्याला पर्याय नसतो. प्रयोगशाळेत नळी ठेवली जाते, कोणीतरी तिच्याकडे बघतो आणि जुळले नाही तर का, असे विचारतो. त्याच परळात, त्याच काळात, काळी होणारी लघवी मोरीतून वाहून जात होती. दोन्ही गोष्टी दुर्मीळ आणि सारख्याच वंशपरंपरेच्या. एकीला पाहणारी व्यवस्था होती, दुसरीला नव्हती.

एक आणि बारा

आता मावशीचा प्रश्न. तिच्या आईवडिलांचे, म्हणजे माझ्या आजी-आजोबांचे लग्न मामाच्या मुलीशी झालेले होते. दोघेही वाहक असणार, दोघेही निरोगी. मावशीला दोन्हीकडून सदोष प्रत मिळाली. तिच्या प्रत्येक मुलाला तिच्याकडून एक सदोष प्रत जाणारच, त्यात शक्यतेचा प्रश्नच नाही. पण नवऱ्याकडून चांगली प्रत आली की मूल निरोगी राहते. नवरा नात्यातला नव्हता. मुले निरोगी आहेत.

प्रश्न पुढच्या पिढीचा होता. मावशीच्या मुलासाठी माझ्या मामाची मुलगी मनात धरलेली होती. घरातली पद्धतच ती. मी कागदावर हिशेब मांडला. मुलगा वाहक, हे निश्चित. मामा निरोगी, पण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन, म्हणून त्याची मुलगी वाहक असण्याची शक्यता तीनात एक. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे एकंदर बारात एक. हाच मुलगा नात्याबाहेर लग्न करील तर ही शक्यता हजारात एक किंवा त्याहूनही कमी. मुलीची जनुक-चाचणी केली तर अंदाजाची गरजच उरणार नाही, हेही सांगितले.

त्यावर घरात जे झाले ते बहुतेक मराठी घरांत झाले असते. चाचणीचे नाव काढताच मामा म्हणाले, "उद्या हिचे दुसरीकडे जमवायचे तर लोक काय म्हणतील?" मावशीच्या आजाराचे नाव बाहेर बोलायचे नाही असे ठरले. हळूहळू तो विषय मागे पडला आणि दोघांचीही लग्ने वेगवेगळ्या घरी झाली. मामा माझ्याशी दोन वर्षे बोलले नाहीत. त्यांचा राग मला समजतो. आनुवंशिक रोगाची माहिती ही कोणा एकाची नसते. ती उघड करणारा माणूस सगळ्या घराण्याची पत्रिका न विचारता चव्हाट्यावर मांडत असतो. गॅरॉडला हा पेच पडला नाही, कारण त्याच्या कागदांवर ती माणसे आद्याक्षरांनी होती. खानोलकर-संघवींच्या कोष्टकांत ती आकड्यांनी होती. घरात मात्र त्यांना नावे असतात आणि त्यांच्या मुलींची लग्ने व्हायची असतात.

तणनाशकातून आलेले औषध

गॅरॉडचा अंदाज सिद्ध व्हायला अर्धे शतक लागले. १९५८ साली बर्ट ला डू आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या यकृतात नेमके ते एक विकर नाही हे दाखवले. १९९६ साली स्पेनमधल्या संशोधकांनी तिसऱ्या गुणसूत्रावरचे जनुक शोधले. त्यांना वाट दाखवली ती एका बुरशीने, कारण तिच्यातही तेच विकर काम करते.

औषधाची गोष्ट आणखी आडवळणाची. बागेत लाल कुंचल्यासारखी फुले येणारे बॉटलब्रशचे झाड आपण पाहतो. त्याच्या आसपास तण फार उगवत नाही, या निरीक्षणातून तणनाशकांचा एक वर्ग तयार झाला आणि त्यातून निटिसिनोन हे औषध. ते वरच्या एका टप्प्यावर माल अडवते, म्हणजे होमोजेंटिसिक आम्ल तयारच होत नाही. १९९० च्या दशकापासून ते टायरोसिनेमिया या लहान मुलांच्या जीवघेण्या रोगात वापरले जात होते. लिव्हरपूलच्या डॉ. लक्ष्मीनारायण रंगनाथ यांच्या नेतृत्वाखाली १३८ रुग्णांवर चार वर्षे चाचणी झाली. लघवीतले आम्ल नव्याण्णव टक्क्यांहून अधिक कमी झाले आणि रोगाची चाल मंदावली. २०२० साली युरोपीय नियामकाने प्रौढांतल्या अल्काप्टोन्युरियासाठी त्याला मान्यता दिली. औषधाने टायरोसिन वाढते, त्यामुळे डोळ्यांवर लक्ष ठेवावे लागते आणि प्रथिने मोजून खावी लागतात. काळा झालेला सांधा पुन्हा पांढरा होत नाही. म्हणून निदान किती लवकर होते, यावर सगळे अवलंबून आहे.

२०२१ साली केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. त्याखालच्या विशेष केंद्रांत परळचे केईएम आहे. धोरणातल्या आजारांसाठी प्रत्येक रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद पुढे झाली. पण जो रोग जीव घेत नाही, केवळ चालणे हिरावतो, तो अशा रांगेत नेहमीच मागे उभा असतो. आणि ज्याचे निदानच झाले नाही, तो तर रांगेतही नसतो.

हे निदान करायला सुरुवातीला पैसा लागत नाही. कंबर आणि गुडघे तरुणपणी धरले असतील, हाताची बोटे शाबूत असतील, कानाची पाळी काळसर दिसत असेल, तर काचेच्या स्वच्छ बाटलीत सकाळची लघवी घेऊन, झाकण न लावता, एक दिवस खिडकीत ठेवावी. वरून खाली रंग काळा होत आला तर ती बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जावे. रंग बदलला नाही म्हणून रोग नाहीच असे मात्र समजू नये. लघवी आम्लधर्मी असली की रंग यायला वेळ लागतो, अशा वेळी प्रयोगशाळेची तपासणीच खरी. आणि घरात तान्हे बाळ असेल, त्याच्या दुपट्यावरचा डाग साबणाने आणखी गडद होत असेल, तर साबण बदलण्याआधी ते दुपटे बाजूला काढून ठेवावे.

मावशी दोन्ही गुडघे बदलून पुढे काही वर्षे चालती होती. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या होळीला तिने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपाची धार सोडून. त्याची नोंद कुठल्याही वैद्यकीय कागदात नाही, म्हणून इथे करून ठेवतो.